खुर्चीभोवतीच्या अकरा फेऱ्या

अण्णा,

तुमचा फोटो हॉलच्या भिंतीवर आहे आणि मी त्याच्याकडे पाठ करून लिहायला बसले आहे. तुमच्या तोंडावर काही बोलायची सवय तुम्ही कुणाला लागूच दिली नाहीत. कागद म्हणजे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं. मागची बाजू कोरी असते, फुकट का घालवा. याहून चांगला कागद तुमच्यासाठी मी काढणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी पूजेला बसले होते. समईची वात पुढे सारायला वाकले आणि देव्हाराच गरागरा फिरायला लागला. मी दोन्ही हातांनी फरशी धरली, जणू फरशीवरून पडणार होते. मग उलट्या. सुनेनं मला रिक्षात घालून मुलुंड स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिक्षात मी डोळे मिटून नामस्मरण करत होते, तर ती म्हणते, "आई, देवाला नंतर, आधी ही पिशवी धरा तोंडाशी." आगाऊ आहे, पण हात धरून होती. आमच्या घरात बाई आजारी पडली की तिचा हात धरायची पद्धत नव्हती, म्हणून लक्षात राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले, डोकं इकडे तिकडे झटकन वळवून पाहिलं आणि म्हणाल्या, एका कानातली तोलाची नस सुजली आहे. एका कानाकडून मेंदूला निरोप जातो, दुसऱ्याकडून जात नाही, म्हणून मेंदूला वाटतं की तुम्ही फिरताय. मी विचारलं, नस पुन्हा चालू होईल का? मला तीन जिने एकटीनं उतरून देवळात जायचंय, दुसरं काही नको. त्यांनी खोटी आशा दिली नाही. नस पूर्ण भरून येईलच असं नाही म्हणाल्या, पण मेंदू नव्यानं तोल शिकू शकतो. मग त्यांनी कागदावर चित्र काढलं. नसेभोवती, आणि मेंदूत जिथं तोलाचा निरोप पोचतो तिथंही, ग्लिया नावाच्या पेशी असतात. पूर्वी मोठमोठ्या लोकांना वाटायचं की हा नुसता डिंक आहे, मज्जापेशींना जागेवर चिकटवून ठेवणारा. आता कळतंय की नस दुखावली की ह्याच पेशी जाग्या होतात, पडझड आवरतात, नवे जोड लागायला मदत करतात. प्राण्यांमध्ये हे पाहिलंय, माणसाचं अजून सगळं कळलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणारं माणूस मी आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. "म्हणजे घरातल्या बायकांसारख्या," असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मला आई आठवली.

घाटकोपरच्या चाळीतला तो दिवस तुम्ही विसरला असाल, तुम्हाला विसरणं सोपं होतं. मी मॅट्रिकच्या वर्षाला आहे. आई चुलीवरून पेजेचा टोप उतरवते आहे आणि टोपासकट खाली बसते. पेज मोरीपर्यंत वाहत जाते. "माका गरगरता," एवढंच ती म्हणते. आणि तुम्ही, सकाळच्या पाळीला उशीर होतोय म्हणून शर्टाची बटणं लावत, तिच्या अंगावरून पाय टाकून पलीकडे जाता. "उठ गो. पुरे झाली नाटकां." मी डॉक्टर म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारलेत. सातवी नापास माणूस, साकीनाक्याच्या वर्कशॉपात दहा जणांवर ओरडायचा अधिकार मिळाला तर स्वतःला सिव्हिल सर्जन समजायला लागला. निदान तुम्हीच केलंत: दत्ताचं काहीतरी राहून गेलंय. उपायही तुमचाच: चक्कर जाईपर्यंत रोज सकाळी अंघोळ करून चाळीतल्या औदुंबराला अकरा प्रदक्षिणा.

मी देव मानते, अण्णा, तुमच्यापेक्षा जास्त मानते. गुरुवार कधी चुकवला नाही. म्हणून सांगते, दत्ताला तुम्ही स्वतःचा मुकादम करून ठेवलं होतंत. देवाचं नाव घेऊन ओरडलं की ओरडणं पवित्र होतं, अशी तुमची समजूत. जिला उभं राहिलं की जग फिरतं, तिला गोल फिरवायचं! पहिल्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही जातीनं पाराजवळ उभे होतात. मी तिचा दंड धरला होता. तिसऱ्या प्रदक्षिणेला ती पाराला टेकली आणि उलटी झाली. गॅलरीतून बायका बघत होत्या. तुम्ही तिच्याकडे पाहिलं नाहीत, गॅलरीकडे पाहिलंत. "देवासमोर घाण केलंस," म्हणालात आणि मला पाणी आणायला पिटाळलंत, तिला प्यायला नव्हे, पार धुवायला.

त्यानंतर आई खाटेला लागली. डोकं जरा हललं की भोवळ, म्हणून ती डोकं हलवेना. भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, ओली फडकी कपाळावर. पुढची अकरा वर्षं ती भिंत धरून चालली. खाटेपासून मोरीपर्यंत भिंतीवर तिच्या हाताची काळपट रेघ पडली होती. दर दिवाळीला तुम्ही त्या रेघेवर चुना फिरवायचात आणि चुन्याच्या बादलीशी बोलल्यासारखं बोलायचात, "पुन्हा करतली." तिनं खरंच पुन्हा केली. तुमच्या सगळ्या चुन्याला ती एकटी पुरून उरली.

हे सगळं मला तुम्हाला सुनावायचं होतं, आणि एवढ्यावर थांबले असते तर माझं बरं झालं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी मला व्यायामाला एका मुलीकडे पाठवलं. पोरगी विशीतली, नाहूरहून येते, पायात कापडी बूट, बोलणं असं की मी तिच्या वर्गातली. "काकी, डोकं वळवा ना. डावीकडे, उजवीकडे. घाबरता काय यार, मी आहे ना." मी म्हटलं, चक्कर येते. "यायलाच पाहिजे! थोडी चक्कर आल्याशिवाय मेंदू शिकणार कसा?" मग तिनं खोलीच्या मधोमध खुर्ची ठेवली. "आता हिला गोल फेऱ्या मारा. मी बाजूला चालते."

मी जागच्या जागी उभी राहिले. म्हटलं, गोल कशाला? ती म्हणाली, "त्याचीच भीती वाटते ना, म्हणून." मी आईचं सगळं तिला सांगितलं. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, न पाहिलेल्या पेशंटबद्दल मी कसं सांगू? पण तुमच्यासारखंच असेल, तर पहिले चार दिवस पडून राहणं ठीक. नंतर हळूहळू उठवायला हवं होतं, चालवायला, डोकं वळवायला. पडून राहिलं की मेंदूला धडाच मिळत नाही, मग त्या पेशी तरी कशाला मदत करणार.

म्हणजे तुमचा उपाय, धरून, हळूहळू केला असता, तर कदाचित लागू पडला असता. याचं श्रेय मी तुम्हाला देणार नाही. अंधारात दगड मारून आंबा पाडणाऱ्याला मी माळी म्हणत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी तिचा दंड धरायला आला नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर दारातून विचारायचात, "घातलंस?" आणि ती खाटेवरून म्हणायची, "घातलंय."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या वतीनं मी घालत होते. घरच्या माणसानं आजाऱ्याच्या नावानं घातलं तरी देवाला पोचतं, हे मला शेजारच्या काकींनी सांगितलं होतं. तुम्ही पाळीला गेलात की मी ओल्या केसांनी खाली जायची, आईचं नाव मनात घेऊन अकरा प्रदक्षिणा घालायची आणि तीर्थ आणून तिच्या ओठांना लावायची. गॅलरीतल्या बायका म्हणायच्या, पोर असावी तर अशी. तुमच्या तावडीतून मी तिला सोडवतेय असं मला वाटायचं.

आता खुर्चीभोवती अकरा फेऱ्या होतात, एकही हात न धरता. परवा सुनेला मागे ठेवून दोन जिने उतरले. हे पान पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी तिकीट लावलं नसतं, कारण खाली जे लिहितेय ते तुमच्या हाती लागलेलं मला चालणार नाही. प्रदक्षिणा सुरू करून महिना झाला असेल. एका सकाळी आई आपणहून खाटेवर उठून बसली आणि पाय खाली सोडून म्हणाली, "आज मी येतंय गो." तिला धरून नेलं असतं तर तासभर गेला असता, आणि त्या दिवशी गॅलरीतून मला कुणी शाबासकी दिली नसती. मी तिचे पाय उचलून परत खाटेवर ठेवले आणि म्हटलं, "तू नीज."