वेलचीचं कोकरू

बॅलन, व्हिक्टोरिया
५ जुलै २०२५

ती. स्व. पद्माआत्यास,
मयूराचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. व्हिडिओ कॉलवर मी बोलते, तुला ऐकू येत नाही आणि तू नुसती मान डोलावतेस, त्यापेक्षा हे बरं. एवढी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेल्या बाईला आता फोन नको झालाय, याचं हृषिकेशला अजून हसू येतं.

इथे कडक थंडी आहे. सकाळी दार उघडलं की पुढचं पॅडॉक, म्हणजे आमचं कुंपण घातलेलं कुरण, दिसतच नाही. सगळं धुक्यात बुडालेलं असतं. मी चाऱ्याची बादली घेऊन चालायला लागते आणि त्या पांढऱ्यातून आणखी पांढरं काहीतरी वेगळं होऊन माझ्याकडे येतं. आधी श्वासाची वाफ, मग तोंड, मग मेंढी. कधीकधी वाटतं, मी अजून उठलेच नाहीये, मेलबर्नजवळच्या टार्निटच्या आमच्या जुन्या घरात झोपलेय आणि हे सगळं मला दिसतंय. मग कोणीतरी गुडघ्यावर ढुशी मारतं.

मेंढ्या आता जड झाल्यात, महिनाअखेर व्यायला लागतील. कोंबड्यांनी थंडीमुळे अंडी बंद केलीत. कोल्ह्यांवर नजर ठेवायला अल्पाका आणलाय ना, तो उंटासारख्या लांब मानेचा लोकरीचा प्राणी, त्याला आम्ही सरपंच म्हणतो. दिवसभर मान उंच करून उभा असतो आणि कोणाचंच ऐकत नाही. हृषिकेश आठवड्यातून तीन दिवस ट्रेनने मेलबर्नला जातो. उरलेले दोन दिवस घरून काम करतो, म्हणजे मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून कुंपण दुरुस्त करतो.

आता खरी गोष्ट. दवाखान्यांची ती चार वर्षं तुला माहीत आहेत, ती परत सांगत नाही. त्यानंतर आम्ही फॉस्टर केअरसाठी नाव दिलं होतं. एखाद्या मुलाचे आईवडील काही कारणाने त्याला सांभाळू शकत नसतील, तर तेवढ्यापुरतं ते मूल आपल्या घरी ठेवायचं. आपलं करायचं नाही, फक्त सांभाळायचं. मागच्या आठवड्यात संस्थेतून फोन आला. पाच वर्षांची मुलगी आहे, निहारिका. आई इंदूरची, टार्निटला राहते, एकटीच आहे. मोठ्या आजाराने बरेच महिने हॉस्पिटलच्या वाऱ्या चालू आहेत. मुलगी सध्या दुसऱ्या एका कुटुंबात आहे, पण ऑगस्ट संपताना तिथून हलवावं लागेल. घरात हिंदी बोलणारं कोणी असेल तर बरं, म्हणून आमचं नाव निघालं.

हृषिकेश तेव्हाच हो म्हणाला. मी वेळ मागून घेतली. आत्या, एवढी वर्षं रिकाम्या हाताने राहायची सवय केली. आता हातात काही यायचं आणि पुन्हा काढून घेतलं जायचं, हे मला झेपेल का? हृषिकेश म्हणतो, आधीच कशाला रडतेस. त्याला कसं सांगू, की मी आधीच रडून घेतेय.

तब्येतीला जप. तुझ्या हातचं पत्र येत राहो.

तुझी,
मयूरा


मिरज
१९ जुलै २०२५

चि. मयूरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा काढून, म्हणजे पाणी आलं तर पुसायला बरं.

इकडे सगळं ठीक. कानात घालायचं नवीन यंत्र आणलंय. त्यात माणसांचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू येतं. शेजारचा मिक्सर म्हणजे विमान. ते मी डब्यात ठेवून दिलंय. गच्चीवरच्या कुंडीत वांगी लागलीत, पाच. तुझ्या एवढ्या मोठ्या शेतात काय पिकतं, तर लोकर! आणि तीही तू विकत नाहीस, पोत्यात भरून ठेवतेस, असं मागे लिहिलं होतंस. मग मेंढ्या पाळायच्या कशाला? रागावू नकोस, विचारलं आपलं. धुक्यातून मेंढ्या येतात ते वाचून मला दुपारी तेच स्वप्न पडलं. त्यात माझ्या एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी धुक्यातून येत होत्या, सगळ्यांच्या कानाला हेडफोन.

त्या पोरीबद्दल मी आज काही लिहीत नाही. तू मला विचारलंस, पण उत्तर देण्याआधी मला थोडं आठवावं लागणार आहे. तोवर मेंढ्या व्यायल्या की कळव. पहिलटकरीण कोणी असेल तर तिच्याजवळ थांब.

हृषिकेशला सांग, कॅमेरा बंद असला तरी हातोडीचा आवाज ऐकू येतो.

माझी माया तुझ्यापर्यंत पोचते आहेच.

तुझी,
पद्माआत्या


बॅलन
२ ऑगस्ट २०२५

ती. स्व. पद्माआत्यास,
सा. न. वि. वि.

मेंढ्या व्याल्या. त्यातली एक गोष्ट मला तुलाच सांगायची आहे.

वेलची नावाची आमची मेंढी आहे. पहिलटकरीण, तू म्हणालीस तशीच. पहाट उजाडताना मी गेले तेव्हा ती गवतावर उभी होती आणि पुढ्यातलं कोकरू चाटत होती. कोकरू हलत नव्हतं. मी जवळ बसले. ती थांबून माझ्याकडे बघायची, घशातल्या घशात एक बारीक आवाज काढायची आणि पुन्हा चाटायला लागायची. मेंढी तो आवाज फक्त बाळाशी बोलताना काढते, एरवी कधीच नाही. गवतावर दहिवर पांढरं झालं होतं. फक्त ती जिथे उभी होती तेवढाच तुकडा हिरवा होता.

त्याच सकाळी पलीकडे दुसऱ्या मेंढीला तिळं झाली होती. मेंढीला सड दोनच असतात. तिसरं कोकरू प्रत्येक वेळी बाजूला ढकललं जात होतं.

शेजारच्या ग्लेनिसला बोलावलं. सत्तरीची बाई, पूर्वी शाळेची बस चालवायची. तिने बघितलं आणि सांगितलं, की तुला आत जायचं असेल तर जा. मी थांबले. तिने मेलेल्या कोकराची कातडी अलगद सोडवली, एखाद्या बाळाचा स्वेटर काढावा तशी. मग ती त्या तिसऱ्या कोकराला अंगरख्यासारखी घातली, चारी पाय भोकांतून बाहेर काढले, म्हणजे वेलचीला आपल्याच बाळाचा वास यावा. मीच त्याला उचलून वेलचीपुढे ठेवलं.

तिने हुंगलं. दोन पावलं मागे गेली, पाय आपटला, पुन्हा हुंगलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग तिने तो बारीक आवाज काढला आणि कोकरू तिच्या पोटाखाली शिरलं. त्याची शेपटी अशी हलायला लागली, की ग्लेनिस हसली आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

काही दिवसांनी अंगरखा काढला. तोवर तिचंच दूध त्याच्या पोटात गेलं होतं, त्यामुळे त्याला तिचाच वास यायला लागला होता. तिने एकदा हुंगलं आणि चरायला लागली. आता दोघं कायम बरोबर असतात.

हृषिकेशला वाटलं, हे बघून माझा निर्णय होईल. उलट मला भलतंच सुचतंय. आपण तिला फसवलं, नाही का? आणि उद्या मूळ आई आली आणि म्हणाली की माझं मला दे, तर वेलचीने काय करायचं? संस्थेला मला पंधरवड्यात सांगायचंय. पत्र लवकर पाठव. पोस्टाने नको, खालच्या मजल्यावरच्या अर्णवला फोटो काढून पाठवायला सांग.

तू आहेस म्हणून हे सगळं लिहिता येतं.

तुझी,
मयूरा


मिरज
१३ ऑगस्ट २०२५

चि. मयूरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अर्णव फोटो काढायला दारात उभा आहे, म्हणून अक्षर असं पळतंय.

तुझी आई गेली तेव्हा तू दोन महिन्यांची होतीस आणि दादाने तुला माझ्याकडे आणलं, एवढं तुला माहीत आहे. पुढचं सांगायची वेळ कधी आली नाही. तू बाटली तोंडात घेईनास. चमचा नको, कापसाचा बोळा नको. रडून रडून आवाज बसला होता तुझा. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत बघू, नाहीतर दाखल करू. वहिनीचे कपडे दादाने गाठोडं बांधून माझ्याकडेच टाकले होते, त्याच्या डोळ्यांसमोर नकोत म्हणून. त्यात तिची एक निळी सुती साडी होती, न धुतलेली. मला काय सुचलं कोण जाणे, मी ती नेसले आणि तुला पदराखाली घेतलं. तू नाक घासलंस, थांबलीस आणि बाटली ओढायला लागलीस.

मी ती साडी नेसून एक्स्चेंजमध्येसुद्धा गेले आहे. बायका म्हणाल्या, पद्मा, रोज एकच साडी? वहिनीचा वास हळूहळू गेला, माझाच लागला. एक दिवस मी ती धुतली. तू रडली नाहीस. त्या दिवशी मी मोरीत बसून रडले, कारण तिचं शेवटचं काही होतं ते गेलं आणि तू मात्र माझ्याकडे बघून हसत होतीस.

म्हणून वेलचीला फसवलं असं मला वाटत नाही. भुकेलं लेकरू आणि दुधाने भरलेली आई एकमेकांना अनोळखी होती, तुम्ही ओळख करून दिलीत.

आता दुसरं. दादा लग्न करेल आणि तुला घेऊन जाईल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो आला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. मी तुझे फ्रॉक इस्त्री करून ठेवले होते. तुझी आताची आई रिक्षात बसली होती. तिच्या पिशवीत चिक्की होती. तू तिच्या मांडीवर चढलीस आणि मला हात करायचंसुद्धा विसरलीस. इतका राग आला मला! मग घरात येऊन बसले तेव्हा वाटलं, पोर हसत गेली, याहून काय पाहिजे होतं. त्यानंतर बरेच दिवस मला दुपारचं जेवण जात नव्हतं. तेही खरंच आहे, लपवत नाही.

तू मला विचारलंस, झेपेल का. मला झेपलं नव्हतं, मयूरा. तरीही त्या चार वर्षांतला एक दिवससुद्धा मी कोणाला परत देणार नाही. आणि तू गेलीस कुठे? मे महिन्यात यायचीस, दिवाळीत यायचीस, आता पत्रातून येतेस.

पोरीला आण.

अर्णव घड्याळ बघतोय. माझे आशीर्वाद तुमच्या उंबऱ्यावर उभे आहेत असं समज.

तुझी,
पद्माआत्या


बॅलन
३१ ऑगस्ट २०२५

ती. स्व. पद्माआत्यास,
सा. न. वि. वि.

निहारिका काल आली. फोटो पाठवायची परवानगी नाही, म्हणून लिहून दाखवते. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, गुलाबी गमबूट. मी हिंदीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. जेवताना एकदाच बोलली, की माझी मम्मी बरी होतेय. मी म्हटलं, हो, होतेय. मग तिने पोळी खाल्ली.

आज सकाळी धुक्यात माझं बोट धरून आली. सरपंचाला बघून म्हणाली, हा जिराफ अजून लहान आहे. आम्ही तिची चूक दुरुस्त केलेली नाही.

बाकी पुढे लिहीन. आत्ता हात भरलेत.

तुझी,
मयूरा


बॅलन
९ डिसेंबर २०२५

ती. स्व. पद्माआत्यास,
सा. न. वि. वि.

निहारिका रविवारी तिच्या घरी गेली. फोनवर सांगायचा प्रयत्न केला असता तर तू मान डोलावली असतीस आणि मी रडले असते, म्हणून दोन दिवस थांबून लिहितेय.

तिची आई ट्रेनने आली. मी तिला स्टेशनवरून आणलं. बारीक झालेली, डोक्याला स्कार्फ, माझ्यापेक्षा लहानच असेल. गेल्या तीन महिन्यांत आम्ही दर पंधरवड्याला निहारिकाला तिच्याकडे भेटायला न्यायचो, पण इथे ती पहिल्यांदाच येत होती. गवत आता वाळून सोनेरी झालंय. वारा आला की अख्खी टेकडी हळूच कूस बदलते असं वाटतं. निहारिका तिचा हात धरून तिला सगळीकडे फिरवत होती. हे पाणी, हे कोंबड्यांचं घर, इथे मी पडले होते. वेलची आणि तिचं कोकरू उन्हात झोपलं होतं. कोकरू आता तिच्याएवढंच झालंय. निहारिकाने आईला सांगितलं, की ही याची मम्मी आहे आणि ती तिकडची पण याचीच मम्मी आहे. तिची आई गवतात खाली बसली आणि माझाही हात ओढून मला शेजारी बसवलं.

चहा पिताना तिने हिंदीत विचारलं, की ताई, ही काय खाते, कशाला घाबरते, झोपते कशी, ते सगळं मला सांगा. मला इतक्या महिन्यांचं काही माहीत नाही. हे विचारताना तिला लाज वाटत होती. मी सांगितलं. वरणात लिंबू लागतं. व्हॅक्यूम क्लीनरला घाबरते. आणि झोपताना मेंढ्यांची नावं म्हणावी लागतात, संध्याकाळी फाटकातून ज्या क्रमाने आत येतात त्या क्रमाने. जिरं, हिंग, वेलची, खसखस, लवंग, दालचिनी, मग बाकीच्या. मध्ये चुकलं तर पहिल्यापासून. तिने दोनदा म्हणून पाहिलं.

जाताना निहारिकाने मला घट्ट मिठी मारली आणि मग हृषिकेश दोघींना सोडायला निघाला तेव्हा कारच्या खिडकीतून सरपंचाला हात करत राहिली. मला हात करायचा राहिला. आत्या, मी रागावले नाही गं. पण काल दुपारी जेवण गेलं नाही, तेही लपवत नाही. हृषिकेशने तिचे गमबूट धुऊन दारात उन्हाला ठेवलेत. ते मुद्दामच इथे ठेवून गेलीय, पुढच्या रविवारी लागतील म्हणून.

काल संध्याकाळी मी पॅडॉकमध्ये होते. इथे आता साडेआठपर्यंत उजेड असतो, सगळं जांभळं होऊन तरंगत राहतं. फोन वाजला. टार्निटहून तिची आई. दालचिनीच्या पुढे कोण, विचारत होती. मागून निहारिका ओरडत होती, की मम्मी सगळं चुकीचं म्हणते, मयूराला पहिल्यापासून म्हणायला सांग. मग मी फाटकाला टेकून एकेक नाव घ्यायला लागले आणि माझ्या मागोमाग तिची आई तेच नाव म्हणायला लागली, इंदुरी उच्चारात. आपली नावं ऐकून खऱ्या मेंढ्या टेकडीवरून माझ्याकडे यायला लागल्या. मधूनच निहारिका एखादं नाव दुरुस्त करायची. मग ते दुरुस्त करणं थांबलं. आम्ही दोघींनी तरी शेवटपर्यंत म्हटलं. तिची आई अगदी हळू म्हणाली, की झोपली.

त्यानंतर आम्ही कोणीच फोन ठेवला नाही. तिकडे पोरीचा श्वास ऐकू येत होता, इकडे मेंढ्या गवत तोडत होत्या.

तुझी माया अशीच असू दे.

तुझी,
मयूरा