खंड दोनमधले मच्छीमार

सर, तुम्ही नववीच्या वर्गात फळ्यावर काढलेली शिडी अपुरी होती. हे विधान मी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवलेला असताना आणि कोणाच्याही चिथावणीविना करीत आहे. सात पायऱ्या होत्या तिला. सर्वांत खाली पुरःस्थापना, म्हणजे पहिले वाचन. मग दुसरे वाचन आणि त्यात विधेयकाच्या तत्त्वांवर चर्चा. तिथून, सभागृहाची इच्छा झाल्यास, समितीकडे रवानगी. समितीचा अहवाल आला की एकेका खंडाचा विचार. मग तिसरे वाचन. मग दुसरे सभागृह, जिथे हीच सारी यातायात पुनश्च. आणि सर्वांत वर, खडू आडवा धरून जाड अक्षरांत, ‘संमती’. त्या शब्दाखाली तुम्ही दोन रेघा ओढल्यात, हात झटकलेत आणि म्हणालात, “झाला कायदा.” मी उभा राहून विचारले, “आणि मग, सर?” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. “मग काय? मग तो पाळायचा. खाली बस.” मी जो बसलो तो पन्नाशी उलटेपर्यंत बसूनच होतो. आज उभा राहतो आहे, आणि तुम्ही मला खाली बसवू शकत नाही, ही तुमच्या कायमच्या अनुपस्थितीतली एकमेव सोय.

तुमची अपेक्षा अशी होती, की मी काळा डगला चढवून न्यायालयात गर्जना करीन. मी गर्जना करतो, परंतु निबंधक कार्यालयासमोर, पत्र्याच्या छपराखाली, एका लंगड्या टेबलापाशी बसून. आणि ती मुद्रांकावर टंकलिखित होते. शासन मला दस्तलेखक म्हणते, गाव ‘रायटर’ म्हणते. नळजोडणीच्या अर्जातही मी ‘सादर प्रणिपातपूर्वक’ लिहितो. गिऱ्हाइके आधी घाबरतात आणि मग समाधान पावतात. ही देणगी तुमची. ‘आमचे बंदर’ या निबंधात मी लिहिले होते, की मिरकरवाड्याला बायका सुकट वाळवतात. तुम्ही ‘सुकट’वर लाल रेघ मारलीत, वर ‘शुष्क मत्स्य’ असे लिहिलेत आणि समासात शेरा दिलात: भाषा उंच ठेव, लोक मान वर करून वाचतील. त्या दिवसापासून माझ्या लेखनाला मासळीचा वास कधी आला नाही. जन्मभर मी हा शेरा पाळला, आणि आता त्याला माझा विरोध नोंदवतो. मान वर केलेल्या माणसाला हातातला कागद दिसत नाही, सर.

हे मला मावशीने शिकवले. ही मावशी माझी कोणी नव्हे. बंदरावर सुकट वाळवणारी, साऱ्या शहराची मावशी. गेल्या वर्षी एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली, वर्तमानपत्राचे कात्रण आपटले आणि म्हणाली, “वाच.” एक विधेयक समितीकडे गेले होते आणि समिती लोकांकडून सूचना मागवत होती. मी विधेयक मिळवले. उद्देश व कारणे यांचे निवेदन तर इतके करुणामय, की माझे डोळे पाणावण्याच्या बेतात होते. बंदराबंदरावर मासळी वाळवायला ओटे बांधायचे, वर छप्पर घालायचे आणि ते मच्छीमारांना वाटून द्यायचे. मावशीचा चेहरा उजळला. मग मी खंड दोन वाचला, जिथे व्याख्या असतात. ‘मच्छीमार’ याचा अर्थ, नौकेतून प्रत्यक्ष मासेमारी करणारी व्यक्ती, असा आहे.

“म्हंजे मी कोन?” मावशीने विचारले.

“या व्याख्येनुसार तू कोणीच नाहीस, मावशी.”

“लगीन होऊन आले तवापासून त्या जाग्यावर ऊन खातेय, आनि मी कोन नाय?”

“कोणी नाही असेही नाही. पुढे खंड नऊमध्ये तू ‘अनधिकृत भोगवटादार’ होऊ शकतेस.”

“शिवी हाय काय ती?”

“शिवीपेक्षा मोठी आहे. शिवी दिल्यावर जागा सोडावी लागत नाही.”

प्रश्न एवढाच होता, आणि तो एवढाच आहे. ओटे झाले, की आजची उघडी जागा जाणार आणि नवी जागा फक्त ‘मच्छीमारां’ना मिळणार. बायका बोटीवर जात नाहीत. बोट धक्क्याला लागली, की त्यांचा दिवस सुरू होतो. एका व्याख्येने मावशीसकट पंचवीस-तीस जणींच्या पायाखालची वाळवणाची जागा काढून घेतली होती, आणि तीही छप्पर देण्याच्या भरात.

समिती दौऱ्यावर इथे आली आणि शासकीय विश्रामगृहात बसली. प्रत्येक शिष्टमंडळाला पाच मिनिटे. आमच्या शिष्टमंडळात वक्ते दोन: प्रस्तुत लेखक आणि मावशी. मी उभा राहिलो. प्राचीन काळी अपरान्ताच्या, म्हणजे आपल्याच कोकणाच्या, सागरतीरी नांदणाऱ्या नौकानयनाच्या वैभवशाली परंपरेपासून मी प्रारंभ केला. पंखा घरघरत होता, सदस्य लिहिण्याचे सोंग करत होते, आणि मला, खरे सांगायचे तर, फार बरे वाटत होते. अखेर मी मुद्द्याच्या उंबऱ्याशी आलो आणि म्हणालो, “या शुष्कमत्स्योपजीविनी महिला...” कोपऱ्यातल्या एका वृद्ध सदस्याने मान वर केली. “म्हणजे कोण हो?” शहाण्या माणसाने बोट दाखवले असते. मावशी शेजारीच बसली होती. मी समासाचा विग्रह करू लागलो. विग्रह पूर्ण झाला तेव्हा अध्यक्ष घड्याळाकडे पाहून म्हणाले, “आपली वेळ संपली. पुढचे शिष्टमंडळ.”

मावशी उठली, दाराकडे निघाली, आणि दारातच वळली. “सायब, सुकट खाताव ना?” वृद्ध सदस्य हसून म्हणाले, “खातो की.” “मग ती वाळवतंय कोन? बोट वाळवते? आमाला कायद्यात घ्या, नायतर सुकट पन बाहेर काढा.” शिपाई तिला बाहेर नेत होता आणि वृद्ध सदस्य वहीत काहीतरी लिहीत होते. बाहेर व्हरांड्यात तिने मला विचारले, “रायटर, आत तू काय बोललास रे?”

“भूमिका मांडली.”

“कोनाची?”



समितीचा अहवाल आला. व्याख्या तशीच राहिली होती. शेवटी मात्र त्या वृद्ध सदस्याची भिन्नमतपत्रिका जोडलेली होती, आणि तीत, सर, छापील अक्षरांत, ‘सुकट वाळवणाऱ्या स्त्रिया’ असे शब्द होते. तुमची लाल शाई तिथवर पोहोचली नव्हती. बहुमताने त्यांचे म्हणणे मानले नाही; परंतु कोणाची तरी सदसद्विवेकबुद्धी अर्धवट जागी झाली असावी, कारण ओटे वाटपाच्या खंडात ‘मच्छीमार’ या शब्दापुढे एक शेपूट आले होते: ‘व विहित करण्यात येतील अशा इतर व्यक्ती’.

सभागृहात विधेयक आले त्या दुपारी माझ्या टेबलाभोवती सात बायका आणि एक मोबाइल. खंडशः विचार सुरू झाला. अध्यक्षांच्या आसनावरून आवाज आला, खंड दोन विधेयकाचा भाग व्हावा, याला अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे. होय. प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे. “नाय!” मावशी ओरडली. “नाय म्हनतेय मी, नाय!” समोरच्या झेरॉक्सवाल्याने मान बाहेर काढली.

“मावशी, तिकडे ऐकू जात नाही.”

“मग लावलास कशाला?”

होयचे बहुमत. खंड दोन विधेयकाचा भाग झाला. तिसरे वाचन चहा निवायच्या आत आटोपले. मतविभागणी कोणी मागितली नाही, आणि मला तुमचा वर्ग आठवला. शाळेत आपण अभिरूप विधानसभा भरवली आहे, मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवण्याचे विधेयक आहे, तुम्ही अध्यक्ष आहात. तुम्ही म्हणता, “होयचे बहुमत.” मी एकटा ओरडतो, “मतविभागणी!” मुले कण्हतात, कारण सुट्टीचीच वेळ चालली आहे. तुम्ही टेबलावर डस्टर आपटता आणि म्हणता, “मागणी झाली आहे. मोजावे लागेल.” आणि साठ मुलांना दोन भिंतींशी उभे करून तुम्ही एकेकाच्या डोक्याला बोट लावून मोजता. माझ्या भिंतीशी मी धरून चौघे. तुम्ही ‘चार’ हा आकडा फळ्यावर तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिता. त्या आकड्यासाठी तुम्हाला बरेच काही माफ करता येईल. मी करणार नाही, पण येईल.

कारण शिडी तिथे संपत नाही, सर. दुसऱ्या सभागृहाने होय म्हटले, संमती मिळाली, राजपत्रात छापून आले. तुमच्या हिशेबाने झाला कायदा, खाली बस. परंतु ते शेपूट आठवा. ‘विहित करण्यात येतील’, म्हणजे नियमांनी ठरवण्यात येतील. आणि ते नियम अजून कोणी केलेलेच नव्हते! संमतीनंतर, तुम्ही दोन रेघा ओढून बंद केलेल्या जागेच्या वर, आणखी पायऱ्या आहेत. नियमांचा मसुदा प्रसिद्ध होतो, त्यावर लोकांच्या हरकती व सूचना मागवतात, मग नियम पक्के होऊन सभागृहापुढे ठेवले जातात. हा मसुदा मागच्या आठवड्यात प्रसिद्ध झाला. मुदत तीस दिवस. ‘इतर व्यक्तीं’मध्ये बर्फ कारखानदार आहेत, जाळी विणणारे आहेत, सुकट वाळवणाऱ्या नाहीत. नसोत. तेवीस दिवस शिल्लक आहेत, आणि मी आता ‘आणि मग?’ असे विचारण्यासाठी कोणाची परवानगी घेणार नाही. हरकत फेटाळली, तर नियम सभागृहापुढे येतील तेव्हा त्या वृद्ध सदस्यांना पत्र जाईल. तेही निष्फळ ठरले, तर पुढची पायरी मी शोधून काढीन. नसली, तर खडू माझ्याकडे आहे.

काल मावशीने हरकत सांगितली आणि मी लिहिली. “लिव. बोटीवरनं आलेली मासळी आमी वाळवतो. आमी नसलो तर ती कुजंल. ओटा आमाला पन पायजे. आमाला इतर म्हना नायतर कायपन म्हना, पन नियमात लिवा.” मी विचारले, “आरंभी ‘सविनय’ घालू?”

“ता कशाला?”

“शोभेसाठी.”

“शोभा तुझ्या टेबलावर ठेव. माझ्या कागदावर नको.”

चार ओळी झाल्या. ‘सुकट’ हा शब्द तिसऱ्यात आला, कारण तो मी स्वतः सुचवला आणि तिने तो मंजूर केला. खाली बावीस सह्या आणि सहा अंगठे. मी एकही अक्षर उंच केले नाही. हात मात्र शिवशिवत होते, हे नाकारत नाही.

आणखी एक आहे. त्या दिवशी विश्रामगृहाच्या दारात समितीच्या लिपिकाने आमच्या वक्त्यांची यादी माझ्यापुढे धरली होती. तीत मावशीचे नाव पहिले होते. मी त्याला म्हणालो, उपोद्घात आधी असावा लागतो, नावांचा क्रम उलटा करा. त्याने केला. मावशी आजही त्या लिपिकाला शिव्या घालते, की मेल्याने माझे नाव खाली टाकले म्हणून माझी वेळ गेली. मी शेजारी बसून मान डोलावतो. हे पत्र कुठे पाठवायचे असते, तर मी ते मागच्याच परिच्छेदात संपवले असते.