ओटीवर राहिलेला धवला

दोन आहेत ना, एक गेली तर दुसरी आहे, असे म्हणून गणेशने कॉम्प्युटरातली तिसरी डिस्क काढून नेली, आणि वर मलाच सांगितले की आई, तुला यातले कळत नाही. नाही कळत. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. पण ज्याला कळते त्यानेच काढली, आणि आता आठ दिवस माझा फोन उचलत नाही. सूनबाई उचलते. म्हणते, ते शिफ्टवरून आलेत, झोपलेत, तुम्ही काय ते लिहून पाठवा. म्हणून लिहून पाठवते. वकिलाने मृत्युपत्राचा नमुना दिलाच होता, त्यातच लिहिते. एका कागदात दोन्ही कामे होतील.

तर मी, विमल बाबाजी म्हात्रे, वय छप्पन्न, काम धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी लावणारी, राहणार जुन्या मिठागराच्या बांधाजवळ, धरमतर रस्ता, पेण, हे स्वतःच्या हाताने लिहिते. डोके जागेवर आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. भीती वाटते, पण वकील म्हणाला, भीती वाटते म्हणून कागद खोटा ठरत नाही.

कारण असे की माझ्या घशात गाठ आहे. सोमवार, सतरा नोव्हेंबरला मुंबईत ऑपरेशन आहे. माझी सही घेतली त्या कागदात जीव जाण्याचे एका ओळीत लिहिले आहे आणि आवाज जाण्याचे तीन ओळींत. मी डॉक्टरला विचारले, आवाज राहील का. तो म्हणाला, बाई, आम्ही जीव वाचवायला बघतोय. मी जे विचारले त्याचे हे उत्तर नाही.

१. घर. दोन खोल्या, पुढची ओटी, मागची न्हाणी, सगळे माझ्या नावावर. मुलगा गणेश व मुलगी मृणाली, दोघांना सारखे. मृणालीचे उद्या लग्न झाले म्हणून तिचा हक्क संपत नाही. माझा दीर तसे म्हणेल तेव्हा त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. त्याला कमी ऐकू येते, पण ते अशाच वेळी.

२. ऑपरेशन करून बँकेत जे उरेल ते दोघांत अर्धे. नथ सून अनिताला. ती फोन तरी उचलते.

३. शिवणयंत्र शेजारीण शरीफाला द्यायचे होते. वकील म्हणाला, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. म्हणून ते काल जिवंतपणीच तिच्या घरी नेऊन ठेवले. ती घेईना. म्हणाली, "गो विमल, मरणाची एवढी घाई हाय तुला?" मी म्हटले, "घाई नाय, भ्या हाय." मग घेतले.

४. अक्षय साउंडवाला याला काही नाही. गेल्या वर्षी हळदीच्या मांडवात माझा धवला अर्धा झालेला असताना याने माईक बंद केला. म्हणे, मावशी, आटपा, पोरं नाचायला उभी आहेत. माझ्या दहाव्याला त्याच्या खुर्च्या आणल्या तरी चालेल. माईक आणू नये.

५. कॉम्प्युटर. हा माझ्या नवऱ्याचा. ते लग्नाची शूटिंग करायचे. एकदा हार्डडिस्क बंद पडून अख्ख्या मोसमाची लग्ने गेली, लोक दारात येऊन नाही नाही ते बोलून गेले. तेव्हापासून त्यांनी दोन सारख्या डिस्क बसवल्या. एकीत लिहिले की तेच दुसरीत लिहिले जाते. जितेश कॉम्प्युटरवाला त्याला मिरर म्हणतो. नवरा गेल्यावर मी त्यात माझे धवले भरायला लागले. मागे एकदा असाच कागद करायला बसले तेव्हा वाटणी सोपी वाटली होती. पोरे दोन, डिस्क दोन, दोन्हीत तेच. एकेक घ्या आणि भांडू नका.

मग गेल्या वर्षी जितेशने तिसरी बसवली, चपटी, एसएसडी. कारण कॉम्प्युटर उघडेपर्यंत माझा भात शिजून व्हायचा. ही फार चपळ. गायलेले आधी हिच्यात जाते आणि कॉम्प्युटरला सवड झाली की सावकाश खालच्या दोघींत उतरते. जितेशने मला असे समजावले की भात आधी ओटीवर पडतो, मग कणगीत भरायचा. तुमच्या कणग्या दोन, दोन्ही सारख्या भरणार. त्याने हेही सांगितले होते की गाणे झाल्यावर तासभर कॉम्प्युटर चालू ठेवा. ते मी ऐकले नाही. गायले की भिंतीवरचे बटण बंद, ही माझी सवय. लाइट सारखी जाते-येते, काही जळेल म्हणून जीव धास्तावतो. हा दोष माझा आहे आणि तो मी इथे लिहून ठेवते.

दिवाळीला गणेश रोह्याहून आला. धाटावला त्याच्या कंपनीत कसली तरी परीक्षा आहे आणि लॅपटॉप मंद चालतो. मी बाजारात गेले होते तेवढ्यात त्याने एसएसडी काढली. निघताना, बॅग खांद्यावर घेऊन, सांगितले. मला वाटले शिकलेला आहे, खरेच असेल.

मग कॉम्प्युटर उघडेना. जितेशने तीन दिवस खपून दोन्ही डिस्कमधले बाहेर काढले. बेचाळीस धवल्यांपैकी एकेचाळीस मिळाले. राहिलेला एकीत नाही म्हणून दुसरीत पाहिला. दुसरीतही नेमकी तीच जागा रिकामी. जितेश खाली बघून म्हणाला, "मावशी, ओटीवरचा भात कोणी नेला तर दोन्ही कणग्या रिकाम्याच राहणार." मी त्याला नको तेवढे बोलले. तरी आज साक्षीला आला आहे.

६. राहिला तो बोलावणीचा धवला. लग्नाआधी देवांना, मग गावच्या राखणदाराला, मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन मांडवात बोलवायचे, तो. माझी सासू धोंडुबाई हिने तो मला सर्वांत शेवटी दिला आणि बजावले, मांडव नसताना हा गायचा नाय. गाठ कळल्यावर ऑक्टोबरात मी तो गायले. दार लावून, दिवा ठेवून, मांडव नसताना. धोंडुबाईचे नाव आले तेव्हा पाठीमागे कोणीतरी उभे आहे असे वाटले. मी मागे पाहिले नाही. शेवटच्या ओळीपर्यंत गायले, बटण बंद केले आणि त्यानंतर कॉम्प्युटर लावलाच नाही.

तेव्हापासून एकच मनात येते. मी सगळ्यांना बोलावले आणि मांडव नव्हता. ती कुठे बसली असतील? निदान गाणे राहिले असते तर सासूला म्हटले असते, तुझ्या नातीसाठी केले. आता तेही नाही. हे मृणालीला सांगितलेले नाही. ती वाचेल तेव्हा कळेल.

हा धवला मृणालीला. बाकी सगळे तिला पाठ आहेत, हाच नाही. शिकवायला एक मोसम लागतो आणि मला तेवढा गळा राहिलेला नाही. पण जे माझ्यापाशी नाही ते मी तिला देऊ कसे? वकिलालाही विचारले. तो हसला.

७. एसएसडी परत आली तर त्या तिघींना लगेच वेगळे करू नये. जितेशने आधी सगळे खाली उतरवून एका वेगळ्या डिस्कवर प्रत काढावी आणि ती शरीफाच्या कपाटात, तिच्या नवऱ्याच्या कुवेतच्या कागदांशेजारी ठेवावी. या घरात ठेवू नये. मिररवर भरवसा ठेवू नये, एकीतले पुसले तर दुसरीतलेही पुसले जाते. हे सगळे झाल्यावरच एकेक डिस्क पोरांनी घ्यावी.

८. हा कागद अमलात आणण्याचे काम मृणालीने करावे. भावाशी अबोला धरू नये. तो वाईट नाही. विचारायची सवय नाही, एवढेच.

वाचून पाहिले, माझेच आहे, म्हणून सही करते.

ठिकाण: पेण
तारीख: ८ नोव्हेंबर २०२५

सही: विमल बाबाजी म्हात्रे

साक्षीदार, दोघांनी मला सही करताना पाहिले:
१. शरीफा सईद मुकादम, पेण
२. जितेश ठाकूर, पेण

गणेश, सहीच्या खाली लिहिलेले कोर्ट धरत नाही म्हणे. म्हणून तुझे इथे लिहिते. लॅपटॉपला लावताना तू ती डिस्क पुसलीस का? पुसली नसशील तर तिला हात न लावता तशीच जितेशकडे आण. जितेश म्हणतो, त्यातून अजून काढता येईल. पुसली असशील तर तसे सांग. शिव्या देणार नाही, तेवढा गळाच नाही. डॉक्टरने गायला मना केले आहे, गायले की रक्त येते. पण पुसली असेल तर एकदा गाईन मी, मृणालीला समोर बसवून, शुक्रवारी, मांडव नसला तरी. दुसऱ्यांदा त्यांना बोलवायची मला फार भीती वाटते. तू गप्प बसलास तर मी गाऊ की नको गाऊ, हे मला कोण सांगणार? गुरुवार, तेरा तारखेला, दिवेलागणीच्या आत फोन कर. अनिताला करायला लावू नको. तू कर, आणि पुसली की नाही, ते सांग.