मडगार्डवरची वाकडी रेघ

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. तुझा खोकला गेला का? भावोजी नवी कवळी लावतात, की अजून खिशातच घालून हिंडतात? मी ठणठणीत आहे. (लेकीने वेगळं काही कळवलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस.)

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीच्या पुढच्या मडगार्डला पोचा आला. चूक फाटकाच्या खांबाची. खांब सरळच आहे असं सगळे म्हणतात, पण मला तो किंचित लवलेला दिसला म्हणून मी अदबीने गाडी वळवली, तर तो आडवाच आला. पोचा म्हणजे फार नाही, आमटीच्या वाटीएवढा. पण लेकीने मागच्याच महिन्यात बजावलं होतं, "बाबा, आता एक जरी ओरखडा दिसला तरी किल्ली माझ्याकडे." ती परगावी गेली होती, रविवारी यायची होती. रंग मारून घ्यावा तर नवा रंग ती लांबूनच ओळखते. ताई, तुला म्हणून सांगतो, गाडी गेली तर मी त्या घरातलं एक सामान होऊन बसेन, याची मला खरंच भीती वाटते.

तेवढ्यात रंगाला धक्का न लावता पोचे काढणाऱ्या एका बाईंचा पत्ता लागला. त्यांनी चाक काढलं, आतलं प्लास्टिक सोडवलं आणि एक लांब वाकडी सळई मागून घालून पत्रा आतून हळूहळू दाबायला घेतला. समोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा फळा उभा केला होता. त्याचं प्रतिबिंब मडगार्डवर पडतं, आणि जिथे रेघ वाकते तिथे पोचा. बाईंचा नियम असा, की गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने "सरळ" म्हटल्याशिवाय काम थांबवायचं नाही. मला स्टूल देऊन समोर बसवलं. (माझ्या मतावाचून कुणाचं काम अडल्याला किती वर्षं झाली असतील!)

काय सांगू, इतकं छान वाटत होतं. दारातून ऊन आत येत होतं, सळई बारीक कुरकुरत होती, आणि त्या मडगार्डात अख्खं दुकान मावलं होतं: छताचा पंखा, बाई, आणि मध्ये ऐसपैस पसरलेला मी. पट्ट्या हलायच्या, लांबायच्या, पुन्हा जवळ यायच्या. बघता बघता हिची आठवण आली. शेजारच्या सीटवर बसून ही खिडकीबाहेर हात काढायची आणि वारा मुठीत धरायला बघायची, मी ओरडायचो. उगीच ओरडायचो, असं आता वाटतं. वाटलं, हे असंच चालू राहावं, पोचा निघूच नये.

आणि तो खरंच निघेना. बाई विचारायच्या, "आता?" मी म्हणायचो, "अजून जरा वाकडी आहे." दोन चहा झाले. शेवटी बाईंनी सळई खाली ठेवली (नियम मोडून!), फळा उचलला आणि गाडीच्या मागच्या दारासमोर नेऊन उभा केला, जिथे आजवर माशीसुद्धा आपटलेली नाही. तिथेही रेघ वाकडी! मी म्हटलं, "अहो, इथेही पोचा आहे." बाई हसल्या नाहीत. एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. उजवा झाकला की रेघ सुतासारखी सरळ, डावा झाकला की लगेच डुलायला लागायची.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "मडगार्ड मघाशीच सरळ झालंय. तुम्ही डोळे दाखवून घ्या."

रविवारी लेक आली. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, काही सापडलं नाही. "उगीच तुमच्यावर संशय घेतला, बाबा," म्हणाली. म्हणजे जिंकलो मीच. जेवण मात्र गेलं नाही.

भावोजींना नमस्कार, खोकल्याला दम.

तुझा,
धाकटा

ता.क. डोळ्यांच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची अकराची वेळ घेतली आहे. लेकीला बोललेलो नाही. ते काय सांगतील ते एकट्याने ऐकायचा धीर होत नाही. येशील?

आणखी एक. पाकीट जड लागलं असेल. आत गाडीची किल्ली आहे. लेकीच्या हातात ठेववेना, आणि माझ्याजवळ राहिली तर गुरुवारी मीच गाडी काढेन, मी मला ओळखतो. येताना घेऊन ये आणि तू चालव. मी शेजारी बसेन, आणि तुझ्या गिअर बदलण्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही, निदान पहिल्या चौकापर्यंत.