भट्टीवरची जुनी खूण

बिरमा,
२ मार्च १९९८

लाडक्या कौसरताईस,

इब्तिहालचा सलाम. आईची दाढ आता दुखत नाही, बाबांचा खोकला तसाच आहे. फोन तुझ्या सासूबाईंच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र. काका पिल्लांच्या पेट्या घेऊन मन्सूराला येताहेत, तुझ्याच हातात देतील.

आज भट्ट्यांवर बाबा फार भडकले. तिसऱ्या भट्टीत उबवायला ठेवलेली अंडी मागे वाया गेली, तेव्हा आपल्या गडी शाबानने नवी भरली. पण दारावरची जुन्या तारखेची खडूची खूण पुसायला विसरला. आज पिल्लं बाहेर येईनात म्हणून त्यानेच अंडी फोडायला घेतली.

"शाबान, डोळे घरी ठेवून आलास का रे?" बाबा ओरडले. "जिवंत आहेत ती, दिवस भरायचेत अजून!"

"मग आतडी अशी बाहेर का लोंबताहेत, उस्ताद?"

"आमच्या पदवीधर बाईंना विचार!"

मी वाकून बघितलं. आतड्याचं वेटोळं पोटाबाहेर, नाळेत होतं. आतडं इतक्या वेगाने लांबतं की इवल्याशा पोटात मावत नाही. काही काळ ते नाळेत राहतं, मग वळत वळत आत जातं. माणसाच्या बाळाचंही असंच होतं, कॉलेजात शिकले होते मी.

ताई, रफअतभाऊजींनी फोनवर आईला सांगितलं: बाळ महिन्यांच्या मानाने लहान आहे, आतडं बाहेर आहे, शनिवारी पोट रिकामं करायचं. पण ते महिने मोजले कुठून? तू माहेरी असताना पहिलं पोटातच गेलं, हे फक्त तुला आणि मला माहीत. तुला दिवस गेले म्हणून सासूबाईंचं गल्लीभर सरबत वाटून झालं होतं, म्हणून तू गप्प राहिलीस. पुन्हा दिवस गेले, तेव्हा सगळ्यांना ते पहिलंच बाळ वाटलं. तुझ्या दारावरची खूण कुणी पुसलीच नाही.

मी डॉक्टर नाही. कदाचित आतडं खरंच बाहेर राहील. पण डॉक्टरांना खरी तारीख सांगून थोडे आठवडे थांबल्याशिवाय ते कसं कळणार?

तू घातलेली शपथ मी मोडली. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "शनिवारी पहिल्या गाडीने निघू."

त्याआधी तूच सांगितलंस तर बरं. नाहीतर सासूबाईंसमोर मी सांगेन. मग जन्मभर माझ्याशी बोलू नकोस. फक्त आम्ही पोचेपर्यंत ऑपरेशनच्या खोलीत पाऊल टाकू नकोस.

तुझी, शपथ मोडलेली,
इब्तिहाल