मान खाली घातलेली आई

मखमलाबाद, नाशिक
ऑगस्ट २००१

प्रिय छाया,

पत्ता तुझ्या मावशीकडून मिळवला. घरी कुणी विचारलंच तर सरळ सांग, कॉलेजातल्या मित्राचं पत्र आहे. त्यात खोटं काहीच नाही. आई हरवली आहे गं. शुक्रवारी फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजारात गेली, टोपली रिकामी केली आणि घरी आलीच नाही. वर्षभर तिचं विसरणं वाढलं होतं. चहात मीठ घालायची, मला मामाच्या नावाने हाक मारायची, आणि आम्ही ते हसण्यावारी न्यायचो. आता वेड्यासारखा फिरतोय. रामकुंड, सीबीएसचा बसस्टँड, दवाखाने, धर्मशाळा, सगळं पालथं घातलं.

चौकीत हवालदारांनी फोटो मागितला. मतदार ओळखपत्रावर आहे एक, पण त्यात आई कुठली आणि शाईचा डाग कुठला ते कळत नाही. ताईच्या लग्नातल्या फोटोंत पदर नाकापर्यंत. मग मी ऐटीत म्हणालो, साहेब, मी चित्रकार आहे, आईची शेकड्यांनी स्केचेस आहेत माझ्याकडे. पिशवीभर वह्या त्यांच्या टेबलावर ओतल्या. ते बिचारे बराच वेळ पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, "चित्रं झकास हायेत, पण म्हातारीचं तोंड कुठंय?"

छाया, एकाही पानावर तोंड नाही. आपले सर सांगायचे ना, माणसाला बसवून काढू नका, त्याच्या कामात पकडा. मी ते फारच मनावर घेतलं. आणि आई कामात म्हणजे मान खाली. गजरे ओवताना, शेवंती खुडताना, भाकरी थापताना. भांग, कपाळ, नाकाचा शेंडा आणि हात. हात तर असे उतरलेत की नखांतली माती दिसते. पण हात बघून रस्त्यावरचं कोण तिला ओळखणार? जरा वर बघ म्हटलं की म्हणायची, "माझ्याकडं काय बघतो रे, तो दोरा दे इकडं." मी दोरा द्यायचो आणि मॉडेल हललं नाही म्हणून खूश व्हायचो. काय हा शहाणपणा!

परवा आठवणीतून समोरून काढायला बसलो. हनुवटी आली, नाक आलं. डोळे येईनात. बारीक की मोठे, पापण्या जड की हलक्या, काही म्हणता काही सुचेना. जन्मभर एका घरात राहिलोय आम्ही. ताईला विचारलं तर ती रडायलाच लागली, आणि मग मलाही आवरेना.

तुझ्यासमोर मात्र ती चित्रासाठी बसली होती. आमच्या ओट्यावर, सुईदोरा बाजूला ठेवून, लुगडं नीट करून, तुझ्याकडे टक लावून. सून म्हणून बघत होती, हे तुलाही कळलं होतं. ते चित्र तू सोबत नेलंस. असेल तर मूळच कुरिअर कर, झेरॉक्स नको. फाडलं असशील तर तुला बोल लावणार नाही, पण मग ये आणि पुन्हा काढ. नवऱ्यालाही घेऊन ये, मला कसलाच संकोच उरलेला नाही. माझ्याच्याने ते होणार नाही. का, ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. काल मनमाड स्टेशनवर एक म्हातारी सापडली म्हणून निरोप आला. धावत गेलो. ती बाकावर बसून माझ्याकडेच बघत होती, तशीच सावळी, तशीच वाळलेली. आणि छाया, मला कळेना. देवाशपथ, मला कळेना. शेवटी म्हणालो, "मावशी, जरा मान खाली घाला." तिने घातली. तेव्हा कळलं, ही आई नाही.

वाट बघणारा, आणि एवढं एकदा लिहू दे, तुझाच
कुंदन