काडीतून आलेलं उत्तर

४ मार्च
रोज चार ओळी लिही, असं ताईनं आल्या दिवशीच बजावलं होतं, आणि मी आज-उद्या करत आठवडा घालवला. आता ती खरोखर चिडली, म्हणून बसलो. तर, मी मजेत आहे. खाऱ्या दलदलीत लाकडी खांबांवर उभी दोन खोल्यांची चौकी, खाली चिखल, चहूकडे कमरेएवढं गवत. सोडायला आलेले होडीवाले काका म्हणाले, इथं तुडतुड्यांशिवाय शेजार नाही. मी म्हटलं, उसनी साखर मागत नाहीत तोवर चालेल.

ताई माझी थोरली बहीण, कीटकांची अभ्यासक. मी एका जागी टिकत नाही, म्हणून तिनं मदतनीस म्हणून बोलावून घेतलं. विंचवाचं बिऱ्हाड निदान पाठीवर तरी असतं, तुझं तेही नाही, म्हणाली.

५ मार्च
काम सोपं. गवतावरून जाळी फिरवायची, तांदळाच्या दाण्याहून लहान तुडतुडे नळीनं ओढून बाटलीत घ्यायचे. इथं दोन जाती आहेत, एका साच्यातून काढल्यासारख्या. नराच्या शेपटाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फरक कळतो. माद्यांत तोही नाही. म्हणून ताईची निराळी रीत आहे. गवताच्या काडीला कंप टिपणारी बारीक सुई टेकवायची आणि हेडफोन लावायचा. नर पोट हलवून काडी थरथरवतो, मादी उत्तर देते, आणि त्या उत्तरांच्या वाटेनं दोघं भेटतात. परक्या जातीला कुणी उत्तर देत नाही. ताई म्हणते, कोण कुणाचं हे तोंडावरून नाही, उत्तरावरून ठरतं.

हे ऐकताना मी खिडकीतून बगळे बघत होतो. टपली बसली.

७ मार्च
ताई स्वयंपाकाला आत गेली आणि मी हेडफोन लावून काडीवर नखानं टकटक केली. सहज, आपली एक चाल. तुडतुडे एकदम गप्प झाले. मग गवतातून, पार लांबून, तीच चाल परत आली. जड. तांदळाएवढ्या जिवाची नव्हेच ती.

गंमत वाटली. मी पुन्हा वाजवली. पुन्हा आली.

ताई भडकली, सगळी नोंद नासवलीस म्हणाली. मग तिनं स्वतः हेडफोन लावला. काढेचना. जेवण गार झालं.

९ मार्च
आता सुई लागत नाही. ती चाल खांबांतून येते, पलंगातून, दातांपर्यंत. जाळीत एकही तुडतुडा नाही. ओहोटीला पाहिलं तर गवत आडवं होऊन एक पट्टा पडलाय, सरळ आमच्याकडे. काल निम्म्यावर होता.

ताईनं विचारलं, अजून उत्तर देतोयस का. मी आईची शपथ घेऊन नाही म्हटलं. ती माझ्या हाताकडे बघत होती. बोटं ताटाच्या कडेवर वाजत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, भिंगाखाली बघते तसं.

परक्याला उत्तर मिळत नाही म्हणे. मग मी कुणाचा?

१० मार्च
ताईनं वायरलेसवर काकांना कळवलं, उद्याच्या भरतीला या. तोवर मी हलायचं नाही. उत्तर बंद झालं की येणारी वाट चुकते, असं तिचं म्हणणं. न चुकता पोचली तर काय, ते सांगत नाही. हात काखेत दाबून बसलोय, लिहिण्यापुरते काढतो. जन्मात पहिल्यांदा एका जागी बसलास, म्हणाली. हसली नाही.

पट्टा तरीही सरळच —

११ मार्च
पट्टा आलाय. चौकीखाली. का? मी तर काहीच —

पेन्सिल. पेन्सिल टेबलावर. टेबलाचे पाय, फळ्या, खांब. रोज लिहिताना मीच —

वही मांडीवर घेतली. मांडी खुर्चीवर, खुर्ची फळीवर. थांबायला हवं. हात ऐकत नाही.

दुपार
होडी आली. ताई पेट्या घेऊन उतरली, मागोमाग ये म्हणाली. उठतोय. उठायचंय. हात —

थरथर थांबली. एकदम.

काका खालून खिडकीकडे बघत विचारताहेत, दोघांचंच ठरलं होतं ना, मग याच्या मागे उभी आहे ती पाहुणी कोण. ताई ओरडतेय, वही टाक, वळू नकोस, ती